घरच्या टेबलावर सनमायका बसवताना: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी क्रमवार माहिती

प्लायवुडच्या अभ्यासाच्या टेबलाचे पाय आणि चौकट वर्षानुवर्षे टिकतात. आधी खराब होते ती वरची फळी. पॉलिश उडते, पाण्याच्या पेल्यांचे वर्तुळाकार डाग पडतात आणि कडांचे पापुद्रे सुटू लागतात. एवढ्यासाठी सुताराला बोलावले तर तो लहान कामासाठी सहसा यायला तयार नसतो आणि आलाच तरी पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी लागते. हे काम थोड्या सवडीने घरी करता येते. मी घरातली टेबले आणि काही कपाटांचे कप्पे याच पद्धतीने केले आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो: सनमायका उखडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा गोंदाचा नसतो, तर गोंद लावण्यापूर्वी घाईत उरकलेल्या तयारीचा असतो. म्हणून पुढे फळीच्या तयारीवर आणि कामाच्या क्रमावर अधिक विस्ताराने लिहिले आहे.

उदाहरणासाठी 4 फूट लांब, 2 फूट रुंद आणि 19 मिलिमीटर जाडीच्या प्लायची फळी असलेले टेबल धरले आहे. मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत, म्हणजे ही फळी 1220 × 610 मिलिमीटर होते. तुमचे टेबल वेगळ्या मापाचे असले तरी हिशेबाची रीत तीच राहते.

1. कोणते लॅमिनेट घ्यावे

लॅमिनेट, ज्याला आपण सनमायका म्हणतो, म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर आणि त्यांच्यावर मेलामाइन रेझिनमध्ये भिजवलेला नक्षीचा कागद, हे सारे उष्णतेने आणि प्रचंड दाबाने एकजीव केलेले. मुळात तो कागदच असल्यामुळे दमट हवेत तो किंचित फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. शीटच्या लांबीच्या दिशेने होणाऱ्या फरकापेक्षा रुंदीच्या दिशेने होणारा फरक साधारण दुप्पट असतो. पुढच्या अनेक सूचना या एका गुणधर्मातून येतात.

टेबलाच्या वरच्या बाजूसाठी 1 मिलिमीटर जाडीचे शीट घ्यावे. त्याहून पातळ शीट स्वस्त पडते, पण त्यातून फळीची प्रत्येक उंचसखल जागा वर उमटते. शीटवर किंवा दुकानाच्या माहितीपत्रकात आयएस 2046 (लॅमिनेटसाठीचे भारतीय मानक) हा उल्लेख आहे का, ते पाहावे. चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचा प्रकाश परततो, बारीक ओरखडे चटकन दिसतात आणि खालचे खड्डेही उघडे पडतात. म्हणून लिहिण्यावाचण्याच्या टेबलासाठी मॅट किंवा स्वेड फिनिश बरे. गडद एकरंगी शीटवर प्रत्येक ओरखडा पांढरा दिसतो, तर शुभ्र पांढऱ्या शीटच्या कडेला क्राफ्ट कागदाची तपकिरी रेघ दिसते. फिकट लाकडी नक्षी पहिल्या कामाला सर्वांत सोयीची ठरते, कारण ती दोन्ही बाबतींत सांभाळून घेते.

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा नागपूरला लकडगंजात हवी ती शीटे पाहायला मिळतात, पण एका शीटसाठी तिथवर जाण्याची गरज नाही. गावातले प्लायवुडचे दुकान पुरते. दुकानदार बहुधा 8 × 4 फुटांचे पूर्ण शीटच देतो. लहान टेबलासाठी एखाद्या सुताराच्या वर्कशॉपमध्ये उरलेला तुकडा मिळतो का, ते आधी विचारावे. शीट घेताना संरक्षक फिल्मचा कोपरा उचलून खालचा पृष्ठभाग तपासावा आणि चारही कोपरे टवके उडालेले नाहीत याची खात्री करावी. दुकानदार शीटचे भेंडोळे करून सुतळीने बांधून देतो. घरी ती सुतळी एकदम कापू नये. शीट झटक्याने उलगडते आणि त्याची कड हात कापते. एकाने भेंडोळे धरून ठेवावे आणि दुसऱ्याने सुतळी सोडून ते सावकाश पसरावे.

2. शीट कापण्यापूर्वी कागदावरचा हिशेब

नवशिके बहुतेक इथे अडकतात. शीट 2440 × 1220 मिलिमीटर असते. वरच्या तुकड्याला चारही बाजूंनी सुमारे 10 मिलिमीटर जास्त ठेवावे लागते, म्हणजे आपल्याला 1240 × 630 मिलिमीटरचा तुकडा हवा. टेबलाची लांबी शीटच्या रुंदीत बसवायला गेलात तर 1220 मध्ये 1220 बसवावे लागतात आणि घासायला काहीच शिल्लक राहत नाही. शिवाय लाकडी नक्षीच्या रेषा शीटच्या लांबीच्या दिशेने जातात, त्यामुळे त्या टेबलावर आडव्या येतात.

म्हणून आधी शीट लांबीच्या दिशेने दोन भागांत कापावे: एक 630 मिलिमीटर रुंद आणि दुसरा 590. पहिल्यातून 1240 लांबीचा वरचा तुकडा निघतो. दुसऱ्यातून 1200 लांबीचा, फळीच्या खालच्या बाजूचा तुकडा निघतो; तो चारही कडांपासून सुमारे 10 मिलिमीटर आत राहील आणि तिथे ते चालते. दुसऱ्याच भागातला उरलेला 1240 × 590 चा तुकडा कडांच्या पट्ट्यांसाठी ठेवावा. दोन पट्ट्या 1240 लांब, दोन 630 लांब आणि सगळ्या सुमारे 30 मिलिमीटर रुंद. हे चित्र कागदावर काढून, मापे लिहून, मगच शीटला हात लावावा.

खालच्या बाजूला लॅमिनेट कशाला, असा प्रश्न पडेल. फळीच्या एकाच बाजूला लॅमिनेट असले की ती बाजू दमट हवेला बंद होते आणि दुसरी उघडी राहते. दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रमाणात फुगल्याआकसल्यामुळे फळी बाक धरते. फळी लोखंडी किंवा मजबूत लाकडी चौकटीवर सर्व बाजूंनी स्क्रूने आवळलेली असेल तर खालचा थर वगळता येतो. केवळ चार पायांवर उभी असलेली फळी मात्र दोन्ही बाजूंनी झाकावी. दुकानात यासाठी नक्षी नसलेले स्वस्त बॅलन्सिंग लॅमिनेटही मिळते.

3. लागणारे साहित्य

सनमायका कापायचा कटर. हार्डवेअरच्या दुकानात आकड्यासारख्या पात्याचा कटर तयार मिळतो; जुने सुतार हॅक्सॉचे मोडलेले पाते घासून तो स्वतःच करून घेतात आणि तो विकतच्यापेक्षा बरा चालतो.

किमान चार फूट लांबीची सरळ स्टीलची पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा चौकोनी सेक्शन, गुण्या, मेजर टेप आणि पेन्सिल. पट्टी सरकू नये म्हणून दोन शिकंजे (क्लॅम्प).

मध्यम दाताची एक सपाट कानस आणि एक बारीक. पॉलिश पेपर 80, 120 आणि 180 नंबरचा, तो गुंडाळायला लाकडाचा ठोकळा.

पांढरा गोंद, म्हणजे फेविकॉलसारखा, अर्धा किलो. वरची आणि खालची बाजू मिळून सोळा चौरस फूट होतात आणि त्यांना पाव किलोहून थोडा अधिक लागतो. कडांसाठी रबर ॲडहेसिव्हचा, म्हणजे दोन्ही पृष्ठभागांना लावून थोडा सुकल्यावर चिकटवायच्या गोंदाचा, सर्वांत लहान डबा. गोंद पसरायला दाते पाडलेली पत्र्याची किंवा प्लास्टिकची पट्टी.

मास्किंग टेप, रबरी हातोडी, सुती फडकी, थिनर, जुनी वर्तमानपत्रे, नाकावर मास्क आणि वजन ठेवण्यासाठी टेबलाएवढी एखादी सपाट फळी. वजन म्हणून पाण्याने भरलेले 20 लिटरचे कॅन उत्तम, कारण एकेक कॅन 20 किलोचा असतो आणि हवा तिथे ठेवता येतो.

ट्रिमर मशीन (वाढलेली कड कापून समपातळीत आणणारे यंत्र) असेल तर काम लवकर होते, पण केवळ एका टेबलासाठी ते विकत घेऊ नये. कानशीने काम तितकेच स्वच्छ होते.

4. दिवस आणि जागा

ऐन पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, हे काम शक्यतो काढू नये. ओलावा धरलेल्या प्लायवर सनमायका बसवला की दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत फळी आकसते आणि कडा सुटतात. ऋतू कोणताही असो, लॅमिनेट आणि फळी दोन्ही किमान दोन दिवस एकाच खोलीत शेजारी ठेवावीत. त्या काळात शीट जमिनीवर आडवे पसरून त्यावर सपाट वजन ठेवले तर भेंडोळ्याचा बाकही जातो.

5. फळीची तयारी

पायांपासून फळी सोडवून घ्यावी आणि निघालेले स्क्रू एका डबीत ठेवावेत. फळीवर जुने पॉलिश, रंग किंवा वार्निश असेल तर 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून कोरे लाकूड दिसेपर्यंत ते काढावे. पांढऱ्या गोंदातले पाणी लाकडात शोषले जावे लागते, तरच तो धरतो. पॉलिशच्या थरावर तो नुसता वाळून बसतो आणि नंतर पापुद्र्यासारखा निघतो. मेणाचे पॉलिश असेल तर घासण्याआधी थिनरच्या फडक्याने दोनतीनदा पुसावे.

फळीवर आधीच जुना सनमायका असेल तर दोन मार्ग आहेत. तो सगळीकडे घट्ट असेल, म्हणजे बोटाच्या पेराने टकटक केल्यावर कुठेही पोकळ आवाज येत नसेल, तर 80 नंबरने त्याची चकाकी पूर्ण घालवून त्यावरच नवा बसवता येतो. अशा पृष्ठभागात पाणी शोषले जात नाही, म्हणून तिथे पांढरा गोंद चालणार नाही. रबर ॲडहेसिव्हच वापरावे लागेल. जुना सनमायका कुठे सुटला असेल तर सगळाच काढावा. हीट गनने किंवा जाड फडक्यावरून गरम इस्त्री फिरवून गोंद मऊ करावा आणि रुंद पटाशी जवळजवळ आडवी धरून पुढे सरकवावी. पटाशी उभी धरली की प्लायचा वरचा पापुद्राही त्यासोबत निघतो.

खड्डे, खिळ्यांची भोके आणि कडेचे उडालेले टवके लाकडाचा बारीक भुसा आणि पांढरा गोंद यांच्या घट्ट लगद्याने भरावेत. हा लगदा वाळताना आकसतो, म्हणून तो किंचित उंच भरावा आणि पूर्ण वाळल्यावर घासून सपाट करावा. त्यानंतर स्टीलची पट्टी फळीवर उभी, आडवी आणि तिरकी धरून तिच्याखालून प्रकाश दिसतो का, ते पाहावे. जिथे दिसतो तिथे अजून काम बाकी आहे. शेवटी 120 नंबर फिरवून धूळ ब्रशने आणि मग कोरड्या फडक्याने काढावी. पाण्याच्या फडक्याने पुसू नये.

6. शीट कापणे

शीट सपाट जमिनीवर, नक्षीची बाजू वर ठेवून पसरावे. रेघेवर स्टीलची पट्टी शिकंज्यांनी आवळावी. पहिला ओढा अगदी हलक्या हाताने काढावा, कारण कटर घसरतो तो पहिल्याच वेळी. मग त्याच चरीतून थोडा जोर देऊन पुन्हा पुन्हा ओढत राहावे, जोवर नक्षीचा थर पूर्ण कापून खालचा तपकिरी कागद खोलवर दिसत नाही. पट्टी तशीच दाबून धरून शीटचा मोकळा भाग वर उचलावा, म्हणजे नक्षीच्या बाजूकडे. चरीवर शीट स्वच्छ तुटते. खाली दाबून तोडायचा प्रयत्न केला तर नक्षीचे टवके उडतात.

हातकरवतीने कापत असाल तर नक्षी वर ठेवावी; जिगसॉ किंवा हातातल्या मार्बल कटरने कापत असाल तर नक्षी खाली ठेवावी. करवतीचे दात ज्या बाजूने शीटमध्ये शिरतात ती बाजू स्वच्छ राहते, असा हा साधा नियम आहे.

तारा खाली सोडण्यासाठी टेबलाला चौकोनी खाच किंवा भोक हवे असेल तर त्याचे आतले कोपरे कधीही काटकोनी कापू नयेत. प्रत्येक कोपऱ्यात आधी 6 मिलिमीटरचे ड्रिल मारावे आणि मग ती भोके कापाने जोडावीत. काटकोनी कोपऱ्यातून काही महिन्यांत केसासारखी भेग निघते आणि ती वाढतच जाते.

7. आधी खालची बाजू, मग कडा, शेवटी वरची बाजू

हा क्रम बदलू नये. वरचा तुकडा शेवटी बसला की तो कडांच्या पट्ट्यांचे डोके झाकतो, त्यामुळे सांधा वर न येता बाजूला राहतो. टेबल पुसताना पाणी सांध्यात जात नाही आणि हात फिरवताना पट्टीची कड लागत नाही.

खालच्या बाजूला पांढरा गोंद लावून तुकडा बसवावा आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे. त्याची रीत पुढे वरच्या बाजूच्या वेळी सांगितली आहे तीच.

कडांसाठी रबर ॲडहेसिव्ह वापरावे, कारण अरुंद उभ्या पट्टीला वजनाने दाबून ठेवणे अवघड जाते. काम सुरू करण्याआधी खिडक्या उघडाव्यात. या गोंदाची वाफ पेट घेते, म्हणून त्या खोलीत समई, उदबत्ती, डासांची कॉइल किंवा शेगडी पेटलेली नसावी. प्लायची कापलेली कड गोंद पुष्कळ पिते, तेव्हा तिला एक हात देऊन तो वाळू द्यावा आणि मग कड व पट्टी दोघांनाही दुसरा हात द्यावा. आता दहा ते पंधरा मिनिटे थांबणे महत्त्वाचे आहे. बोट टेकवून उचलल्यावर गोंदाचा तंतू निघाला नाही की तो तयार झाला असे समजावे. ओला असताना चिकटवला तर आतला थिनर अडकून राहतो आणि पट्टी नंतर सुटते.

दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकले की पट्टी सरकवता येत नाही. म्हणून तिचे एक टोक नीट लावून घ्यावे आणि मग बोटाने दाबत दाबत पुढे जावे. त्यानंतर लाकडाचा ठोकळा ठेवून रबरी हातोडीने सर्व लांबीवर ठोकावे. आधी डावी-उजवी बाजू आणि मागची बाजू करावी, त्यांची वाढलेली टोके घासून समपातळीत आणावीत आणि पुढची पट्टी सर्वांत शेवटी लावावी, म्हणजे समोरून पाहताना सांधा दिसत नाही.

कानस नेहमी लॅमिनेटच्या नक्षीच्या बाजूकडून फळीच्या दिशेने, पुढे ढकलतानाच चालवावी आणि मागे आणताना उचलावी. मागे ओढताना ती घासली की नक्षीचा थर उचलला जातो आणि ते टवके भरून निघत नाहीत. वरच्या कडेला घासताना कानस फळीच्या पृष्ठभागाशी अगदी सपाट ठेवावी. इथे पट्टी अर्धा मिलिमीटर जरी वर राहिली तरी वरच्या तुकड्याखाली कडेने पोकळी राहते. खोल घासली तर खड्डा पडतो.

8. वरचा तुकडा बसवणे

सुतार वेळ वाचवण्यासाठी वरच्या बाजूलाही कित्येकदा रबर ॲडहेसिव्हच वापरतो. त्याचा हात बसलेला असतो. पहिल्यांदा काम करणाऱ्याने मात्र कोऱ्या प्लायवर पांढराच गोंद वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो वाळायला वेळ लागतो, पण तुकडा पहिली काही मिनिटे सरकवून जागेवर आणता येतो, त्याला वास नाही आणि सांडलेला गोंद ओल्या फडक्याने पुसता येतो.

गोंद फळीवर ओतून दात्यांच्या पट्टीने एकसारखा पातळ पसरावा. कोरडी जागा राहू नये आणि कुठे थारोळेही राहू नये. जास्त गोंद मधोमध अडकतो आणि तिथे फुगवटा येतो. पंखा बंद ठेवावा, नाहीतर गोंदावर साय धरते. लॅमिनेटची मागची खरखरीत बाजू पुसून घ्यावी आणि दोघांनी मिळून तुकडा एका लांब कडेकडून हळूहळू खाली सोडावा. चारही बाजूंना सुमारे 10 मिलिमीटर बाहेर आला आहे हे पाहून, घडी केलेल्या फडक्याने मधून कडांकडे दाबत जावे. बाहेर आलेला गोंद लगेच पुसावा आणि दर 15 सेंटिमीटरवर मास्किंग टेपची पट्टी वरून खाली ताणून लावावी, म्हणजे तुकडा रात्रीत सरकत नाही.

त्यावर वर्तमानपत्र, त्यावर सपाट फळी आणि तिच्यावर पाण्याचे कॅन ठेवावेत. पहिला कॅन मधोमध, बाकीचे बाहेरच्या दिशेने. कडांवर पुरेसा भार आला नाही तर शिकंजे लावावेत, पण त्यांच्या जबड्याखाली लाकडाचे तुकडे असावेत. वजन किमान दहा तास तसेच राहू द्यावे. कडा घासण्याचे काम पूर्ण एक दिवस उलटल्यावरच हाती घ्यावे.

जुन्या सनमायक्यावर नवा बसवत असल्यामुळे रबर ॲडहेसिव्ह वापरावे लागले, तर दोन्ही पृष्ठभाग तयार झाल्यावर फळीवर दर 20 सेंटिमीटरला स्वच्छ गोल काठ्या आडव्या ठेवाव्यात आणि त्यांच्यावर तुकडा ठेवून जुळवून घ्यावा. मग एका टोकापासून एकेक काठी काढत दाबत पुढे जावे. दोन्ही टोकांकडून सुरुवात केली तर मध्ये अडकलेली हवा बाहेर पडत नाही.

9. शेवटची घासणी आणि दोषांची दुरुस्ती

वाढलेली कड मध्यम कानशीने वरून खाली घासत पट्टीच्या पातळीवर आणावी. तपकिरी रेघ सलग आणि एकाच जाडीची दिसू लागली की बारीक कानस किंचित तिरकी धरून कडेची धार मोडावी, नाहीतर ती मनगटाला लागते. शेवटी 180 नंबरचा पॉलिश पेपर एकदाच फिरवावा. या धुळीत रेझिन असते, म्हणून मास्क काढू नये.

आता नखाने किंवा नाण्याने सगळीकडे हलके टकटक करून ऐकावे. कडेजवळ पोकळ आवाज आला तर पातळ पात्याने कड किंचित उचलून इंजेक्शनच्या सिरिंजने आत गोंद सोडावा आणि शिकंजा लावावा. मधोमध पोकळी असेल आणि रबर ॲडहेसिव्ह वापरले असेल, तर जाड फडक्यावरून मध्यम गरम इस्त्री फिरवून लगेच सपाट वजन ठेवावे; गोंद मऊ होऊन पुन्हा धरतो. पांढऱ्या गोंदाच्या बाबतीत मधल्या पोकळीवर चांगला उपाय नाही. ती हाताएवढी लहान असेल तर तशीच सोडून द्यावी.

रबर ॲडहेसिव्हचे डाग थिनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावेत. थिनर सरळ टेबलावर ओतू नये, तो सांध्यातून आत जाऊन गोंद सोडवतो. संरक्षक फिल्म हे सगळे झाल्यावरच काढावी. पहिला आठवडा टेबलावर गरम भांडे किंवा ओले फडके ठेवू नये, आणि गरम भांड्याखाली नंतरही कायम काहीतरी असावे.

10. फळी पुन्हा पायांवर

दोन्ही बाजूंच्या लॅमिनेटमुळे फळीची जाडी आता सुमारे 21 मिलिमीटर झाली आहे. जुनेच स्क्रू वापरायचे असतील तर आधी त्यांची लांबी मोजावी. पायाची लोखंडी पट्टी 3 मिलिमीटर जाड असेल, तर स्क्रू एकूण 18 मिलिमीटरपेक्षा लांब नसावा, म्हणजे तो फळीत 15 मिलिमीटर जाऊन थांबेल. खालच्या लॅमिनेटला स्क्रूपेक्षा किंचित बारीक ड्रिलने आधी भोक पाडावे आणि ड्रिलच्या टोकापासून 15 मिलिमीटरवर टेप गुंडाळावी. टेप लॅमिनेटला टेकली की हात थांबवावा. स्क्रू मशीनने न आवळता हाताच्या स्क्रू ड्रायव्हरने आवळावेत.